आबा झाडाचं नाव सांगत नाहीत

पत्र

ताई, मी पाटण तालुक्यातली. गाव कोयनेच्या अंगाला आणि आमची वाडी गावाच्याही वर. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पीएच.डी.चं पहिलं वर्ष चालू आहे. विषय आमच्याच खोऱ्यातल्या औषधी वनस्पतींचा. आमचे आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कावीळ, मूतखडा, मुरगळलेलं हाड यांवर झाडपाल्याचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, नारळ घेतात. लहानपणी ते मला रानात न्यायचे. मुळी काढायची असली की आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता ठेवून आवतण द्यायचे आणि सकाळी न बोलता जाऊन एका अंगानं उकरायचे. आमच्या सरांना हे कळल्यापासून ते म्हणतात, घरात खजिना आहे, सहा महिन्यांत पन्नास झाडांची यादी कर, प्रत्येकाचं जीपीएस घे. मी वही घेऊन बसले, तर आबा गप्पच झाले. नाव घेतलं की गुण जातो म्हणतात. हल्ली रानातही नेत नाहीत. मला बरंच आठवतं. आठवणीतून लिहून काढलं तर चालेल का? ज्ञान आमच्याच घरचं आहे ना? आबा आज आहेत, उद्या नसतील, मग सगळंच जाईल. आणखी एक. शेजारच्या काकूंना गाठ निघाली आहे, कराडला उपचार चालू आहेत. नरक्या नावाच्या रानझाडाच्या सालीत कॅन्सरचं औषध असतं असं काकांनी मोबाइलवर वाचलं आणि साल मागायला आले. आबांनी नाही म्हटलं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे.

— आबांची नात

उत्तर

प्रिय आबांच्या नाती,

तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेते, कारण ती थांबणारी नाही. काकूंच्या पोटात नरक्याची साल कोणत्याही रूपात जाऊ देऊ नकोस. काढा नको, चूर्ण नको, मधातून चिमूटभरही नको. आबांनी नकार दिला तो शंभर टक्के बरोबर आहे. तो का बरोबर आहे हे काकांना समजावून सांगायचं काम तुझं, कारण त्यासाठी लागणारं शिक्षण त्या दोन घरांत तुझ्याकडेच आहे.

मोबाइलवर फिरणारी गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तर ती जास्त घातक. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं निघाली आहेत. पण ते द्रव्य करतं काय, हे काकांना समोर बसवून सांग. त्यांनी सुंभ वळलं असेल. एका टोकाला पीळ जास्त झाला की दोरीला गाठी पडायला लागतात. पेशी दुप्पट होताना तिच्यातल्या डीएनएच्या दुपदरी दोरीवर असाच ताण येतो. तो उतरवायला एक एन्झाइम दोरीचा एक पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं आणि जोड लागू देत नाही. दोरी तुटते, पेशी मरते. भराभर वाढणारी गाठ त्यात सापडते. पण आतड्याच्या अस्तरातल्या आणि रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही भराभर वाढतात. त्याही मरतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेत या द्रव्याचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला होता. मूत्राशयातून रक्तस्राव होण्याइतका त्रास झाला आणि ते प्रयोग थांबवावे लागले. पुढे रेणूतच फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. १९९६ साली त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आजही ती मोजूनमापून, रक्तातल्या पेशींवर लक्ष ठेवून द्यावी लागतात.

सालीत ते द्रव्य किती आहे, हे साल बघून कोणालाच सांगता येत नाही. मुळात वेगळं, खोडात वेगळं, या झाडात आणि पलीकडच्या झाडात वेगळं. काकूंना केमोथेरपी चालू असेल तर त्यावर हे न मोजलेलं विष पडेल. आणि कोणी आधीच काही दिलं असेल, तर काकूंच्या डॉक्टरांना सांगा. ते रागावतील, रागावू देत. तू स्वतः काकांकडे जा. आबांच्या वतीनं नको जाऊस, तुझ्या वतीनं जा, आणि काकूंना एकदा कराडला सोबत करते असं सांग. बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरेल असं मला वाटतं.

आता तुझा प्रश्न. आठवणीतून लिहू नकोस.

तू लहानपणी जे पाहिलंस ते नात म्हणून पाहिलंस. त्या सकाळी कुदळीमागून चालणाऱ्या पोरीला आबांनी झाड दाखवलं होतं, पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला नव्हतं. आता ते गप्प बसतात, म्हणजे त्यांनी तुला उत्तर दिलेलं आहे. त्यांना टाळून आठवणीच्या वाटेनं आत शिरणं मला मान्य नाही. तुलाही ते पटलेलं नाही, नाहीतर तू हे पत्र लिहिलं नसतंस.

मी हे वरून बोलत नाही. तीस वर्षांपूर्वी मी स्वतः एक शोधनिबंध लिहिला. एका घाटमाथ्यावरच्या वनस्पतींची नोंद होती आणि त्यात नरक्याचा एक दाट जथा होता. मी गावाचं नाव दिलं, ओढ्याचं नाव दिलं, ओढ्यापासून कोणत्या दिशेला तेही दिलं. तेव्हा आम्हाला असंच शिकवत, पुढच्या अभ्यासकाला जागा सापडली पाहिजे. पाच-सहा वर्षांनी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. ओढा होता, जांभळी-अंजनी होत्या, नरक्या नव्हता. जमिनीलगत छाटलेले बुंधे होते, आणि पुष्कळ ठिकाणी बुंधाही नव्हता, मुळं उकरून नेलेले खड्डे होते आणि त्यांत पाचोळा साचलेला. एका खड्ड्याच्या कडेला तुटलेल्या मुळाला हिरवा फुटवा आला होता, बोटभर. माझा निबंध वाचून कोणी तिथे आलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण त्या खड्ड्यांपर्यंत जाणारी वाट मी छापली होती, हे खरं आहे. त्यानंतर कोणत्याही तोडल्या जाणाऱ्या झाडाची नेमकी जागा मी छापलेली नाही.

नरक्याचं हे सगळं संशोधनातूनच घडलं, म्हणून तुला त्याची कुळकथा माहीत असायला हवी. कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा सापडलं ते चीनमधल्या एका झाडात. अमेरिकेत १९६६ साली त्याची रचना मांडणाऱ्या दोघांपैकी एक मन्सुख वाणी, आपल्या नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. दुसरे मन्रो वॉल. याच जोडीनं १९७१ साली पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची, म्हणजे कर्करोगावरच्याच आणखी एका औषधाची, रचना उलगडली. पुढे १९७२ साली मुंबईत टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवून दिलं की आपल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे, आणि भरपूर आहे. तोवर हे झाड कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. फुलांना घाण वास, लाकूड हलकं, जळणापलीकडे कोणी विचारत नसे. मग मागणी आली, ठेकेदार आले, आणि दोडामार्ग, चंदगड भागात नरक्याच्या लाकडाच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचायला लागलो. तोडणाऱ्याला मिळतात ते दिवसाच्या मजुरीचे पैसे. झाड जातं, औषध फार लांब तयार होतं आणि परत येतं तेव्हा काकूंसारख्या बाईच्या घरच्यांना जमीन गहाण टाकायला लावेल अशा किमतीला येतं.

म्हणजे हे संशोधन व्हायला नको होतं का? अजिबात नाही. आज कोणत्या तरी वॉर्डात कोणाची तरी आई या औषधावर जगते आहे. वाणींचं काम वाया गेलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं. पण हे काम किती वर्षांचं असतं ते बघ. रचना १९६६ साली, औषध १९९६ साली. टॅक्सॉलची साल १९६२ मध्ये गोळा झाली आणि मान्यता १९९२ मध्ये. दोन्हींना तीस-तीस वर्षं. तुमच्या सरांचे सहा महिने या मापात कुठे बसतात ते तूच ठरव.

टॅक्सॉलचा पुढचा भाग तुझ्या जास्त कामाचा आहे. साल काढली की तो वृक्ष मरतो, आणि तो वाढतोही फार हळू. हिमालयातला त्याचा भाऊबंद, गढवाली लोक ज्याला थुनेर म्हणतात, तो तर औषधापायी इतका ओरबाडला गेला की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावं लागलं. सुटका झाली ती एका वेगळ्या प्रश्नातून. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटानं सालीऐवजी पानांकडे पाहिलं. युरोपातल्या यूच्या पानांत टॅक्सॉलच्या अलीकडचा एक रेणू मिळाला, त्यापासून प्रयोगशाळेत औषध करता आलं, आणि पानं तर पुन्हा फुटतात. नरक्याच्या बाबतीतही आपल्याकडच्या जम्मूच्या प्रयोगशाळेनं २००५ साली दाखवलं की झाडाच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. त्यावर कारखाने उभे राहिलेले नाहीत, बुरशी प्रयोगशाळेत फार थोडं देते. पण झाडाला मुळासकट उपटण्याखेरीज दुसरा रस्ता आहे का, हा प्रश्न कोणीतरी घेतला.

आता आबांची ती आवतणाची रीत आठव. आदल्या संध्याकाळी अक्षता, म्हणजे कोणतं झाड हे आधी ठरलं. सकाळी त्याच एका झाडाकडे जायचं, वाटेत दिसेल ते उपटायचं नाही. एका अंगानं उकरायचं, म्हणजे बाकीची मुळं धरून राहतात. उकरल्यावर माती परत लोटतात की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण लोटत असणार. त्याच झाडाकडे ते किती वर्षांनी परत जातात? पावसाच्या आधी काढतात की नंतर? लहान झाडाला हात लावतात का? तुझा प्रबंध मला इथे दिसतो. कोणत्या झाडाचा कोणत्या रोगावर गुण, ही यादी करणारे पुष्कळ झाले आणि त्यांतल्या बऱ्याच याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. पण मुळी काढल्यावर झाड सावरतं का, किती वर्षांत सावरतं, आबांच्या हातचं झाड आणि ठेकेदाराच्या हातचं झाड यांत फरक काय, हे मोजणारं काम फार थोडं आहे. त्यासाठी रोगाचं नाव सांगायची गरज नाही, औषधाची कृती सांगायची गरज नाही. जी झाडं सगळ्या तालुक्याला माहीत आहेत, त्यांच्यावरच हे करता येईल. नरक्यावरच कर ना. ते नाव आता गुपित राहिलेलं नाही.

सरांशी बोलताना मात्र आबांच्या श्रद्धेवर वाद घालू नकोस, तिथे तू हरशील. कागदावर बोल. अभयारण्यातून पान जरी आणायचं तरी वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि तुमचं खोरं कोयना अभयारण्याला लागून आहे. लोकांकडून ज्ञान घ्यायचं तर त्यांची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि आज संमती नाही. हे दोन मुद्दे विषयाच्या आराखड्यात लिहून दे. पन्नासाऐवजी चार झाडं आणि तीन पावसाळे असा बदल सुचव. सर वाईट नसतील. त्यांनाही वरून संख्या मागितली जाते. चार झाडांचं खरं मोजमाप परीक्षकासमोर जास्त टिकतं, हे त्यांना पटेल. नाहीच पटलं तर मला पुन्हा लिही.

ज्ञान आमच्याच घरचं आहे ना, असं तू विचारतेस. याचं उत्तर तुला आवडणार नाही. ते आबांचं आहे, पण एकट्या आबांचं नाही. त्यांना कोणी शिकवलं? खालच्या वाडीतल्या एखाद्या म्हातारीला त्यातलं अर्धं येत असेल. दक्षिणेकडे अगस्त्यमलैच्या डोंगरात काणी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली शास्त्रज्ञांचा एक चमू तिथे फिरत होता. सगळे चढून दमले, वाटाडे काणी मात्र कसलीशी छोटी फळं खात ताजेतवाने. आधी ते सांगेनात. नंतर सांगितलं आणि ती वनस्पती जगाला आरोग्यपच्चा म्हणून कळली. तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यानातल्या संशोधन संस्थेनं पुष्पांगदन यांच्या पुढाकारानं त्यापासून जीवनी नावाचं औषध केलं, कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर दिलं आणि आलेल्या पैशातला निम्मा वाटा काणींचा असं ठरवलं. १९९७ साली काणींचा विश्वस्त निधी नोंदला गेला. जगात त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं, कारण असा वाटा त्याआधी क्वचितच कोणी दिला होता. पण खुद्द काणींमध्ये सगळे खूश नव्हते. सांगणारे दोघे-तिघे, ज्ञान सगळ्या जमातीचं. काही वृद्ध वैद्यांनी हे बाहेर गेलंच कसं म्हणून विरोध केला. शिवाय पानं लागायची जंगलातली, तिथे वन विभागाची हरकत. तेव्हा एका घरानं हो म्हणणं पुरत नाही, आणि तुमच्या घरानं तर हो म्हटलेलंच नाही.

आपल्याकडे २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानं गावाला एक साधन दिलं आहे. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची एक लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या गावची उघडून बघ. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याचशा वह्या बाहेरच्या माणसांनी घाईघाईत भरलेल्या आहेत, वड-पिंपळ-तुळस. पण समिती जागी असेल तर आबांनी काय सांगायचं, कोणाला दाखवायचं आणि काय बंद ठेवायचं हे गावात बसून ठरवता येतं. संशोधनाच्या मासिकात मात्र तसं नाही. एकदा छापलं की ते सगळ्यांचं झालं, परत घेता येत नाही. म्हणून कागदावर उतरवण्याआधी कोणता कागद हे ठरव. ट्रंकेत राहणारी वही, गावची नोंदवही आणि शोधनिबंध हे तीन वेगळे कागद आहेत.

आबा गेल्यावर सगळंच जाईल, ही भीती खरी आहे आणि मी ती कमी करू शकत नाही. कदाचित काही जाईल. पण आबांना बहुधा लिहिणारी नको आहे, शिकणारी हवी आहे. औषध द्यायला बसलेल्या नातीला ते सांगतील आणि वही घेऊन बसलेल्या नातीला सांगणार नाहीत, असं असू शकतं. तुला खरंच शिकायचं आहे का, हे आधी स्वतःला विचार. शिकायचं म्हणजे रात्री दार वाजलं की उठायचं.

शिकलीसच तर एक अवघड काम तुझ्या वाट्याला येईल. आबांची सगळी औषधं खरी निघतीलच असं नाही. काविळीचंच घे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाला दिला तरी उतरते, न देताही उतरते. म्हणून शंभर जण बरे झाले एवढ्यावरून त्या पाल्याचा गुण सिद्ध होत नाही. गरोदर बाईला मात्र तीच कावीळ जिवावर बेतू शकते, तिला एक दिवसही न दवडता दवाखान्यात पोचवायचं, हे आबांना आजच सांग. मूतखड्याचा, मुरगळीचाही असाच हिशेब मांडावा लागेल. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, पण ती रक्तदाब उतरवते हे जगानं मानलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रुग्णांवरच्या नोंदी मांडल्यावर. तीन वर्षांत तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं निघालं. कोणाला दिलं, कधी दिलं, पुढे काय झालं, एवढंच तू आबांच्या शेजारी बसून टिपू शकतेस. त्यात झाडाचं नाव येतच नाही. त्याला ते हरकत घेणार नाहीत असं मला वाटतं, पण तेही विचारूनच कर.

आत्ता एवढंच कर. काकांकडे जाऊन ये. सरांना चार झाडांचा आराखडा दे. आणि आबांना सांग की मी यादी करत नाही, आठवणीतलंही काही लिहिलेलं नाही. मग काही मागू नकोस, महिना-दोन महिने जाऊ देत. एखाद्या संध्याकाळी ते अक्षता घेऊन निघालेले दिसले तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उंबऱ्यात उभी राहा, वही आणि मोबाइल घरात ठेवून. कुदळ तू घे, या वयात चढावर ती जड होते. त्यांनी कोणतं झाड दाखवलं ते मला लिहू नकोस. नेलं का, एवढं मात्र नक्की कळव.

तुझी,
ताई